बेडरूमच्या कपाटामागे दर पावसाळ्यात बुरशी येते? आधी पाणी कुठून येतं ते शोधा

गौरी बसायच्या आदल्या दिवशी कपाटातून आईची नारायणपेठ काढली. घडीवरून हात फिरवला आणि बोटांना पीठ लागल्यासारखं वाटलं. खिडकीपाशी नेऊन बघितलं तर काठाच्या कडेने राखाडी-हिरवे ठिपके, मिरपूड भुरभुरावी तसे. खालच्या खणातल्या कातडी पट्ट्यावर तर बोटाने रेघ ओढता येईल इतका थर. कपाटाच्या मागच्या प्लायवर अंगठा दाबला, तो आत गेला.

आमच्या पुण्यातल्या कर्वेनगरच्या फ्लॅटमधला तो तिसरा पावसाळा होता. पहिल्या वर्षी आम्ही भिंत पुसली आणि दिवाळीत रंग दिला. दुसऱ्या वर्षी रंगाऱ्याने आतून वॉटरप्रूफ प्रायमर मारून दिला, वर पुट्टी, वर पुन्हा रंग. दोन्ही वेळा ऑक्टोबर ते मे भिंत छान दिसली. जुलै उजाडला की खोलीत शिरताच तोच कुबट वास, आणि मुलगी सकाळी उठून सलग दहा-बारा शिंका द्यायची. नवीन बेडरूम करताना ज्या चुका आम्ही केल्या त्या अगदी सर्रास होतात, म्हणून कारण कसं सापडलं आणि खोलीची मांडणी कशी बदलली ते सगळं लिहिते आहे.

ओल पुण्यात कशी शिरते

पुण्याला पाऊस तसा बेताचा. सह्याद्रीच्या आडोशामुळे शिवाजीनगरला वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पडतो. त्यामुळे पुण्यात ओलीची एवढी काळजी कशाला, असं घर लावताना कुणालाही वाटतं. पण भिंतीला किती पाऊस पडला यापेक्षा तो किती दिवस चालला याचा त्रास जास्त होतो. जुलै-ऑगस्टमध्ये इथे धो-धो कमी आणि भुरभुर जास्त. आठ-आठ दिवस ऊन नाही आणि हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. शिवाय वारा पश्चिमेकडून. आमच्या खिडकीतून सिंहगडाची बाजू दिसते. तिकडून ढग येतात आणि पाणी तिरकं येऊन भिंतीवर आपटतं. वारजे, बावधन, धायरी या बाजूला राहणाऱ्यांनी एकदा गच्चीवरून आपल्या इमारतीच्या चारी भिंती बघाव्यात. काळी शेवाळलेली भिंत बहुतेक वेळा पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येचीच निघेल.

आणि बेडरूममध्ये आपण कपाट कुठे ठेवतो? नैर्ऋत्येला. वास्तूच्या हिशेबाने जड सामान त्या कोपऱ्यात असावं, म्हणून आमच्या सासूबाईंचाही तोच आग्रह होता. सुतारानेही पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून, खाली जमिनीपासून वर छतापर्यंत, साडेपाच फुटी कपाट ठोकून दिलं. म्हणजे घरातली सगळ्यात ओली आणि पावसाळ्यात सगळ्यात थंड भिंत आम्ही स्वतःच दोन फूट खोल लाकडाने झाकली. तिला ना वारा, ना उजेड. ती वाळणार कशी?

आजोळी सदाशिव पेठेतल्या वाड्यात भिंती हात-दीड हात जाड होत्या आणि चुन्याच्या. चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि सोडतोही. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला त्यावर जम बसवता येत नाही. फडताळं भिंतीतच असायची, पण गाद्या सकाळी वळकटी होऊन उचलल्या जायच्या. पेट्या विटांवर ठेवलेल्या असायच्या आणि श्रावणात ऊन पडलं की अंगणात कपड्यांची रांग लागायची. आज आपल्या भिंती सहा इंची, आतून जिप्समचा गिलावा, त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. जिप्सम दिसायला सुरेख, पण एकदा भिजलं की भुसभुशीत होतं. सामान मात्र आपण जुन्यापेक्षा कितीतरी जास्त ठेवतो आणि तेही बंद करून.

कारण ओळखायचं कसं

रंगारी, सुतार, प्लंबर यांना बोलवायच्या आधी हे घरच्या घरी करता येतं. आम्ही हे तिसऱ्या वर्षी केलं, पहिल्याच वर्षी करायला हवं होतं.

सर्वांत आधी कपाट रिकामं करा आणि शक्य असेल तर भिंतीपासून ओढा. बांधीव असेल तर मागच्या प्लायचा एक तुकडा कापून आत बॅटरी मारा. डाग कुठल्या आकाराचा आहे ते नीट बघा, कारण आकारावरून अर्धं उत्तर मिळतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी उतरणारी पिवळट रेघ असेल तर पाणी बाहेरून येतंय. जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत चढलेली ओल, सरळ आडव्या कडेची, आणि भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर संशय तिकडे. तळमजल्यावर असाच पट्टा जमिनीतून चढलेल्या ओलीचाही असू शकतो. आणि कोपऱ्यांत, कपाटामागे, पलंगाच्या पाठीमागे सुटे सुटे ठिपके पसरले असतील, भिंतीला मात्र पोपडे नसतील, तर ती बहुधा खोलीतल्याच हवेतली ओल.

पांढरा भुरभुरीत थर दिसला तर तो बुरशीचा की भिंतीतल्या क्षारांचा, हेही बघून घ्या. दोन थेंब पाणी टाका. विरघळला तर भिंतीला लोणा लागलाय, म्हणजे पाणी भिंतीच्या आतून क्षार घेऊन बाहेर येतंय. तसाच राहिला आणि चोळल्यावर डाग पसरला, तर बुरशी.

मग प्लास्टिकची चाचणी. जाड प्लास्टिकचा फूटभर चौकोनी तुकडा भिंतीवर लावायचा आणि चारी बाजूंनी चिकटपट्टीने पूर्ण बंद करायचा. आत हवा जाता कामा नये. एक-दोन दिवसांनी बघायचं. खोलीकडच्या पृष्ठभागावर पाणी दिसलं तर ओल खोलीच्या हवेतली. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर भिंतीतूनच पाणी येतंय. तुकडे एकापेक्षा जास्त लावा. आम्ही तीन लावले: खिडकीखाली, कपाटामागे खाली आणि कपाटामागे वर. खिडकीखालचा कोरडा. कपाटामागे खालचा बाहेरून दमट. वरचा आतून चक्क ओघळलेला. तिथेच आम्हाला कळलं की आमच्याकडे दोन आजार एकत्र आहेत, आणि दोन वर्षं एकच औषध देऊन काही उपयोग होत नव्हता.

बाथरूमचा संशय असेल तर प्लंबरकडून नहाणी ट्रॅप (जमिनीतली पाणी जायची वाट) बंद करून दोन इंच पाणी भरून घ्या आणि ते चोवीस तास ठेवा. पाण्यात थोडा रंग टाकला तर पलीकडच्या भिंतीवर किंवा खालच्या मजल्यावर तो दिसू शकतो. पाणी भरूनही काही झालं नाही आणि ओल बारा महिने सारखीच असेल, तर भिंतीतला पाइप दाब लावून तपासून घ्यायचा. बाथरूमच्या ओलीची सगळ्यात मोठी खूण हीच आहे, की ती एप्रिलमध्येही जात नाही. एप्रिलच्या दुपारी पुण्याची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर उतरते. तेव्हाही भिंत गार आणि दमट लागली तर पावसाला दोष देऊ नका.

एक छोटं आर्द्रतामापक यंत्र नक्की घ्या, डिजिटल, काही शे रुपयांत मिळतं. मी ते आधी पलंगाशेजारी ठेवलं, मग दोरीला बांधून कपाटामागच्या फटीत सोडलं. खोलीत ७१ आणि कपाटामागे ८६. एकाच खोलीत, पाच फुटांच्या अंतरावर. पृष्ठभागाजवळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशीला भिंतीवर पाण्याचा थेंब असण्याचीही गरज लागत नाही. धूळ, पुट्टीतला डिंक, प्लायचा कच्चा पृष्ठभाग, एवढं खाद्य तिला पुरतं.

हवेतलं पाणी येतं कुठून, असं माझ्या नवऱ्याने विचारलं होतं. घरातूनच. दोन माणसं रात्रभर श्वास आणि घामातून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी खोलीत सोडतात. पाच किलो सुती कपड्यांच्या धुण्यात मशीनने पिळल्यावरही अडीच-तीन लिटर उरतं. पावसाळ्यात आम्ही ते धुणं बेडरूममध्ये स्टँडवर पसरायचो, पंखा लावून, दार बंद करून. ते पाणी जाणार कुठे? २६ अंशांच्या, ८० टक्के दमट हवेचा दवबिंदू साधारण २२ अंश असतो. भिंतीचा कुठलाही भाग त्याच्या खाली गेला की तिथे पाणी धरतं. बाहेरून पावसाने भिजलेली, आतून कपाटाने झाकलेली भिंत सहज तेवढी थंड होते. एसी २० वर लावून झोपायची सवय असेल तर आणखी सहज.

आमच्या घरात सापडलं ते

वरचा ओघळ एसीच्या भोकातून येत होता. एसीचे पाइप बाहेर नेताना पाडलेलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं असायला हवं, म्हणजे पाणी आलं तरी बाहेर पडतं. आमचं उलटं होतं, आत उतरतं. वरून नुसती पांढरी पुट्टी थापलेली, ती दोन वर्षांत सुटली होती. प्लंबरने बोट घालून दाखवलं, "ताई, हे बघा, पन्हळच केलीय." पाणी भोकातून आत, गिलाव्यामागून खाली आणि कपाटाच्या माथ्यावर. शिवाय बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथे केसासारखी आडवी भेग होती. काँक्रीट आणि वीट उन्हात सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, त्यामुळे त्या सांध्यावर भेग जवळपास सगळ्याच इमारतींत असते. बाहेरून ती नीट भरलेली असली पाहिजे.

खाली मात्र नुसती कोंडलेली हवा.

आतून मारलेल्या वॉटरप्रूफ प्रायमरबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण हा खर्च खूप जण करतात. पाणी बाहेरून येत असेल तर आतला थर त्याला थांबवत नाही, फक्त अडवतो. पाणी गिलाव्यामागे साठतं आणि बाजूला सरकून दुसरीकडे निघतं, नाहीतर थरासकट पोपडा पाडतं. जिकडून पाणी येतं तिकडूनच ते बंद करावं लागतं. व्हिनाइलचा वॉलपेपर ही तर त्याहून वाईट युक्ती. त्याची खळ बुरशीला आवडते, आणि वरून काहीच दिसत नसल्याने पुढची दोन वर्षं कुणाला कळतही नाही.

बाहेरची दुरुस्ती कोणी करायची यावरून सोसायटीत वाद होतात. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची गळती त्या त्या सभासदाने काढायची असते. इमारत नवी असेल तर रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखी करा, फोटोंवर तारीख असू द्या. आमच्या बाबतीत भेगेचं काम सोसायटीने केलं, एसीचं भोक आम्ही. ते नव्याने बाहेर उतरतं पाडून घेतलं, आत पाइपाभोवती फोम भरला, बाहेरून लवचीक सीलंट आणि वर पत्र्याची छोटी झडप.

वेळ महत्त्वाची. हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये करा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस पोचतो आणि मग बाहेर झुला टांगून काम करायला माणसं मिळत नाहीत. भिजलेली भिंत वाळायलाही वेळ लागतो. इंचाला एक महिना असा ढोबळ हिशेब धरतात. आमची भिंत सहा इंची, म्हणजे पूर्ण वाळायला पाच-सहा महिने. पुण्याच्या उन्हाळ्यात थोडं लवकर होतं, पण पाणी बंद झालं की दुसऱ्या आठवड्यात रंग लावायची घाई नको. भुसभुशीत झालेलं जिप्सम आम्ही सगळं उचकटून काढलं आणि त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला. तो दोन महिने तसाच उघडा ठेवला. पाहुणे विचारायचे, त्यांना सांगायचे, वाळतेय.

नवीन मांडणी

आमची खोली पूर्व-पश्चिम बारा फूट आणि दक्षिण-उत्तर दहा. पश्चिमेला खिडकी, उत्तरेला बाथरूमची भिंत, पूर्वेला दार. दक्षिणेला मुलीची खोली, म्हणजे ती भिंत दोन्ही बाजूंनी घरातलीच. खरं तर कपाटासाठी कोरडी भिंत ती एकच होती आणि पहिल्या वेळी तिथे पलंगाचं डोकं होतं.

सासूबाईंना मी कागदावर काढून दाखवलं. "आई, कपाट नैर्ऋत्येतच राहील, फक्त पश्चिमेच्या भिंतीऐवजी दक्षिणेच्या भिंतीला लागेल." त्यांनी चष्मा लावून कागद फिरवून बघितला आणि विचारलं, "मग दारं कुठे उघडतील?" उत्तरेला. त्यांच्या मताने ते आधीपेक्षाही चांगलं. ज्यांच्या घरी हाच प्रश्न अडतो त्यांनी आपल्या खोलीचा असा कागद करून बघावा. नैर्ऋत्य हा कोपरा आहे, त्याला दोन भिंती असतात, आणि त्यातली एक पुष्कळदा आतली असते.

नवीन कपाट पाच फुटी आहे. अर्धा फूट गेला. पश्चिमेच्या भिंतीपासून ते चार इंच सोडून सुरू होतं. मागे दक्षिणेच्या भिंतीपासून तीन इंच मोकळे. खाली चार इंचांचे पाय, समोरून जाळीची पट्टी. वर छतापर्यंत नेलं नाही, सहा इंच रिकामे ठेवले. यामागचा हेतू इतकाच, की हवा खालून शिरून मागून वर जाऊन बाहेर पडावी. खालची किंवा वरची वाट बंद असेल तर मागची तीन इंचांची फट नुसती धूळ साठवते. सुतारकाकांना हे पटायला वेळ लागला. "ताई, मागे झुरळं होतील." ती भीती खरी आहे, म्हणून फटीत झाडू जाईल एवढं अंतर ठेवायचं, दोन इंचांहून कमी नको. आता दर महिन्याला लांब काठीला फडकं बांधून मी मागून फिरवते.

प्लायबद्दल. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलात तर एमआर, बीडब्ल्यूआर आणि बीडब्ल्यूपी असे तीन शब्द ऐकू येतील. एमआर म्हणजे ओलीला थोडंफार तोंड देणारा, पण पाण्यात टिकणारा नव्हे. बीडब्ल्यूआर त्याहून वरचा. बीडब्ल्यूपी हा आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय, उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरलेला. संपूर्ण कपाट त्याचं करायची गरज नाही. खालचा तळ, पाय आणि मागची फळी तेवढी चांगल्या प्लायची घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागच्या फळीची भिंतीकडची बाजू. समोर सनमायका लावतात आणि मागची बाजू कच्ची ठेवतात, कारण ती दिसत नाही. बुरशी तिथूनच सुरू होते. दोन्ही बाजूंना लॅमिनेट किंवा निदान लाकडाचा प्रायमर आणि दोन हात रंग द्यायला सांगा, आणि तो आपल्यासमोर द्यायला सांगा. कापलेल्या कडाही उघड्या ठेवू नका. काही ठिकाणी सुतार मागची फळीच लावत नाहीत, भिंतीलाच कपाटाची पाठ करतात. पैसे वाचतात, पण कपडे थेट भिंतीला टेकतात. हे अजिबात करू देऊ नका. ओल्या प्लायला वाळवीही लवकर लागते, ते वेगळंच.

इंटीरियरवाल्यांचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे. पश्चिमेच्या भिंतीवर कपाट असलं की उन्हाळ्यात ती भिंत तापून संध्याकाळी खोलीत जी धग येते, ती अडते. एप्रिल-मेमध्ये आम्हालाही फरक जाणवला. त्यावर आम्ही बाहेरून पांढरा रंग आणि खिडकीला बांबूचा पडदा, इतकं केलं. ज्यांच्याकडे पश्चिमेच्या भिंतीशिवाय जागाच नाही त्यांनी कपाट तिथेच ठेवावं, पण बांधीव नको, पायांवर उभं, मागे तीन-चार इंच सोडून. ती फट उन्हाळ्यात धग अडवते आणि पावसाळ्यात भिंत वाळू देते. दारांना लूव्हर (फटी असलेल्या तिरक्या पट्ट्या) किंवा वेताची जाळी लावली तर फार छान.

पलंग आता पूर्वेला डोकं करून आहे. पाच बाय साडेसहा फुटी. त्याचा पायथा आणि खिडकी यांच्यामध्ये साडेपाच फूट मोकळे राहिले. ओल्या भिंतीशी पलंगाचा संबंधच उरला नाही. पलंगाची पाठ साध्या लाकडी पट्ट्यांची. फोम भरलेली रेक्झिनची पाठ बाहेरच्या भिंतीला टेकवली की तिच्या मागेही हेच होतं, फरक इतकाच की ते दिसत नाही.

बॉक्स बेडवर थोडं थांबायला हवं, कारण पुण्यातल्या लहान फ्लॅटमध्ये त्याशिवाय भागत नाही हे मला माहीत आहे. अडचण दोन ठिकाणी येते. एक, गादीखाली सलग प्लाय असतो. रात्रभर अंगाचा घाम गादीत उतरतो आणि फोमची गादी असेल तर तो खाली जाऊन प्लायवर बसतो. आमची गादी उलटी केली तेव्हा पाठीच्या जागी ठिपक्यांचा माणसाएवढा पट्टा होता. प्लायला सहा-सहा इंचांवर इंचभर भोकं पाडून घ्या, किंवा सलग प्लायऐवजी दोन-तीन इंच अंतर सोडून फळ्या मारा. दोन, खालच्या पेटीत रजया आणि लोकरीचे कपडे थेट तळावर ठेवतो. तळाला लाकडी पट्ट्यांची चौकट घाला आणि सामान त्यावर ठेवा. कापसाची गादी असेल तर तिला वर्षातून एकदा पिंजून घेणं आणि उन्हं दाखवणं हे आजीच्या काळी होतं तितकंच आजही खरं आहे.

सकाळी उठल्या उठल्या अंथरूण नीट करू नका, हे सांगताना मला जड जातं, कारण लहानपणापासून उलटंच शिकलो. पण पावसाळ्यात पांघरूण पायथ्याशी दुमडून गादी अर्धा तास पंख्याखाली उघडी ठेवा, मग चादर घाला.

बाथरूमच्या भिंतीला उंच काही ठेवलेलं नाही. तिथे पायांचं बुटकं टेबल आणि आरसा. पडदे पातळ सुती आणि जमिनीपासून दोन इंच वर.

बुरशी साफ करताना

कोरड्या ब्रशने घासायचं नाही, बीजाणू उडून खोलीभर होतात. खिडकी उघडी, पंखा बंद, तोंडाला एन-९५ मास्क, हातात मोजे. आधी साबणाच्या पाण्याने ओलं फडकं फिरवा. गुळगुळीत रंगाच्या भिंतीवर नंतर पातळ ब्लीच चालतं, चार लिटर पाण्याला एक कपापेक्षा जास्त नको. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. कच्च्या प्लायमध्ये ब्लीच मुरत नाही, वरचा रंग फक्त जातो. मऊ पडलेला प्लाय टाकूनच द्यावा लागतो, आम्ही दिला. घरात कुणाला दमा असेल तर त्याने त्या दिवशी दुसरीकडे जावं, आणि शिंका-खोकला राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

कपाटात कापूर, लवंग, डांबरगोळ्या ठेवल्या की बुरशी येत नाही, असं म्हणतात. त्यांनी कसर लागत नाही आणि वास झाकला जातो, पण हवेतली ओल तशीच राहते. लहान मुलांच्या कपड्यांत तर डांबरगोळ्या ठेवूच नयेत. कॅल्शियम क्लोराइडच्या लटकवायच्या पिशव्या खरोखर पाणी ओढतात, खालच्या भागात ते साठलेलं दिसतं. बंद कपाटात त्या चालतात, पण मागून भिंत ओली असेल तर एक पिशवी आठवड्यात भरते आणि आपण नुसत्या बदलत राहतो.

आईची साडी मी धुतली नाही. सावलीत दोन दिवस दोरीवर पसरली, गॅलरीत मऊ ब्रशने ठिपके झाडले आणि ड्रायक्लीनला दिली. काठाजवळचे दोन डाग राहिले आहेत. रेशमी साड्या आता प्लास्टिकच्या पिशव्यांत न ठेवता जुन्या सुती धोतरात गुंडाळून ठेवते, आणि दर दोन महिन्यांनी घडी मोडून नव्या रेषेवर घालते.

पावसाळ्यातले दिवस

बाहेर ९५ टक्के आर्द्रता असताना खिडकी उघडून काय फायदा, हा प्रश्न मलाही पडला होता. फायदा होतो. बाहेरची हवा २३ अंशांची असते. ती आत येऊन २७ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ७५ च्या आसपास उतरते. आत रात्रभर माणसं झोपलेल्या खोलीत त्याहून जास्त असते. म्हणून पाऊस तिरका नसेल तेव्हा सकाळी वीस मिनिटं खिडकी आणि समोरचं दार दोन्ही उघडं, पंखा चालू, कपाटाची दारंही उघडी. सलग पावसाच्या दिवसांत एसी ड्राय मोडवर तासभर, पण तेव्हा खिडक्या बंद. आमच्याकडे डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र, घ्यायची वेळ आली नाही. तळमजल्यावर राहणाऱ्या मैत्रिणीने घेतला, तिला लागतोच.

धुणं बेडरूममधून हलवलं. ते आता ड्राय बाल्कनीत, आणि फारच झड लागली तर हॉलमध्ये, खिडकी किलकिली ठेवून. नुसत्या या एका बदलाने खोलीचा आकडा पाच-सहा टक्क्यांनी खाली आला.

दुरुस्तीनंतरचा पहिला पावसाळा आता सरतोय. ऑगस्टमध्ये सलग नऊ दिवस ऊन नव्हतं, तेव्हा मी रोज रात्री यंत्र फटीत सोडून बघत होते. खोलीत ६८ ते ७२ आणि कपाटामागे ७३, फार तर ७४. पश्चिमेच्या भिंतीवर आतून अजून रंग नाही, नुसता सिमेंटचा गिलावा आणि त्यावर चुन्याचे दोन हात. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात वीतभर जागा मात्र मला अजून दमट लागते. तिथे प्लास्टिकचा तुकडा काल लावलाय, परवा काढून बघेन.